सदर इसमाची जन्मतारीख

पूर्णा जंक्शनातून निघालेली सवारी गाडी चुडावा स्थानकात जो अल्पसा विसावा घेते, त्या विसाव्यात आणि पुढे लिंबगाव मागे टाकून नांदेड येईपर्यंतच्या प्रवासात एखाद्या परकीय हेराने एका कोपऱ्यात अंग चोरून आणि कान उघडे ठेवून बसण्याचे कष्ट घेतले, तर परभणी व नांदेड ह्या दोन्ही जिल्ह्यांची आर्थिक, कौटुंबिक आणि वैद्यकीय हकीकत त्याला एकाही सरकारी कचेरीची पायरी न चढता बैजवार समजेल, असे आमचे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे. खिडकीशी बसलेले गृहस्थ पलीकडल्या मुलाला बँकेचा खातेक्रमांक अंकाअंकाने सांगत असतात आणि मुलाला तो नीट ऐकू येत नसल्यामुळे दर दोन अंकांनंतर आवाज एकेक पट्टीने चढवीत असतात. समोरच्या बाकावरील मावशी आपल्या सुनेच्या सोनोग्राफीचा कागद शेजारच्या अनोळखी बाईंना वाचावयास देतात. आणि दाराशी उभा असलेला एखादा तरुण नुकताच आलेला ओटीपी मोठ्याने वाचून दाखवितो, व तो इतका प्रामाणिक असतो की त्या संदेशातील ‘हा क्रमांक कोणासही सांगू नये’ हे वाक्यसुद्धा तो गाळीत नाही.

अशा ह्या मुलुखात आमच्या भाचीने पीएच.डी.साठी ‘डेटा प्रायव्हसी’, म्हणजे माणसांच्या खाजगी माहितीचे संरक्षण, हा विषय निवडावा ह्याला धैर्य म्हणावे की दुसरे काही, ह्याचा निवाडा आम्ही तूर्त राखून ठेवला आहे. विषय ठरला त्या संध्याकाळी तिच्या आजीने, म्हणजे आमच्या मातोश्रींनी, वाती वळता वळता तिची जी उलटतपासणी केली ती आम्हांस चांगली स्मरते.

“कशावर अभ्यास करायलीस म्हनलीस माय?”

“लोकांची खाजगी माहिती बाहेर जाऊ नये, त्याच्यावर.”

“मंग ती माहिती तुला कोन देनार?”

विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीने पुढे तिला हाच प्रश्न पुष्कळ लांब शब्दांत विचारला. परंतु त्यात आजीच्या प्रश्नाहून अधिक असे काही नव्हते, आणि समितीजवळ वातीही नव्हत्या.

भाची चुडाव्याहून रोज नांदेडला जाते आणि तेथील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर संगणकशास्त्र शिकविते. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास तितके मानधन, आणि तेही वरिष्ठ कचेरीचा हुकूम होईल तेव्हा. एरवी ह्या तत्त्वावर राबणाऱ्या मंडळींच्या वाट्याला कोणी न घेतलेले विषय येतात. तसा हिच्या वाट्याला हिचाच विषय आला, हा विरळा योग म्हणावा लागेल. पहिल्याच तासाला तिने मुलांना एक गोष्ट सांगितली, आणि ती येथे सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानाने १९९० नंतरच्या दशकात आपल्या नोकरवर्गाच्या दवाखान्यातील नोंदी संशोधकांसाठी खुल्या केल्या. नावे, पत्ते सगळे गाळले आहे, आता कोणाचा कोणाला थांग लागणार नाही, अशी ग्वाही खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड ह्यांनी दिली. त्या वेळी लटान्या स्वीनी नावाची एक विद्यार्थिनी एमआयटीत पीएच.डी. करीत होती. तिने केंब्रिज शहराची मतदार यादी वीस डॉलरना विकत घेतली आणि दवाखान्याच्या नोंदींतील जन्मतारीख, लिंग व पिनकोड ही तीन निरुपद्रवी कलमे त्या यादीशी ताडून पाहिली. गव्हर्नरसाहेबांच्या जन्मतारखेची माणसे शहरात सहा निघाली. त्यांपैकी पुरुष तीन. आणि त्यांच्या पिनकोडात राहणारा एकच. साहेबांच्या आजाराचे आणि औषधपाण्याचे कागद तिने साहेबांच्याच कचेरीत पोचते केले. पुढे २००० साली तिने हिशेब मांडला की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतील शेकडा ८७ माणसे एकेकटी ओळखता येऊ शकतील. नाव गाळले म्हणजे माणूस लपला, हा सरकारी समज तेथे कायमचा निकालात निघाला.

गोष्ट सांगून भाचीने वर्गाला चिठ्ठ्या वाटल्या: नाव लिहू नका, फक्त जन्मतारीख, लिंग व पिनकोड लिहा. मग हजेरीपटाशी ताडून तिने कोणती चिठ्ठी कोणाची हे एकामागून एक सांगितले, आणि वर्गाने तिच्याकडे गारुड्याकडे पाहावे तसे पाहिले. हुरूप वाढून तिने दुसऱ्या दिवशी घरून वडीलधाऱ्यांच्या संमतीने त्यांच्याही चिठ्ठ्या आणावयास सांगितल्या, आणि येथे मात्र अमेरिकेहून निघालेले शास्त्र पूर्णा तालुक्याच्या शिवेवर येऊन अडले. ज्ञानोबाचे वडील एक जूनचे. गंगासागरचे वडील एक जूनचे. मारोतीचे वडील, चुलते आणि थोरली आत्या, सगळी एक जूनची. पिनकोड एक, तारीख एक, आणि वर्षसुद्धा दोन-चार सनांत घोटाळणारे. नावे गाळण्याची गरजच नव्हती. नावे लिहिली असती तरी त्या गर्दीतून नेमका इसम हुडकून काढणे कठीण गेले असते.

तरुण वाचकांपैकी ज्यांचा जन्म दवाखान्यात घड्याळ पाहून झाला आहे त्यांच्यासाठी खुलासा करणे आवश्यक आहे. मराठवाड्यातील खेड्यांत, किंबहुना सगळ्या महाराष्ट्रातच, एक-दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत मुलाचा जन्म केव्हा झाला ह्याची नोंद कागदावर नसून घटनांवर असे: मोठ्या पुराच्या साली, थोरल्या बैलाने शिंग मोडले तेव्हा, निजामाचे राज्य खालसा झाले त्याच्या पुढल्या पोळ्याला. मूल शाळेत दाखल करावयास आणले, की मुख्याध्यापक त्याला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरावयास सांगत. कान हाताला लागला की मूल सहा वर्षांचे. शाळा जूनमध्ये उघडे, सबब सहा वर्षे एक जूनलाच पुरी झालेली बरी. आणि गुरुजी टाक दौतीत बुडवून दाखलखारीज रजिस्टरात ‘१ जून’ असे वळणदार अक्षरांत नमूद करीत. श्रावणात जन्मलेली, ऐन थंडीत जन्मलेली, अधिक मासात जन्मलेली सगळी लेकरे ह्या एका ओळीने ज्येष्ठाच्या तोंडाशी आणून सोडली जात. पुढे ह्याच रजिस्टराची नक्कल नोकरीला, नक्कल कर्जाला, नक्कल पेन्शनीला चालली आणि गुरुजींच्या लेखणीचे विधिलिखित झाले. एक जूनला जन्मलेला सरकारी नोकर नियमाप्रमाणे आदल्या दिवशी, म्हणजे ३१ मे रोजी, निवृत्त होतो. त्यामुळे त्या एका सायंकाळी राज्यभरच्या कचेऱ्यांतून हार, श्रीफळ आणि शाली ह्यांचा जो खप होतो, त्याच्या मुळाशी कोण्या अज्ञात मुख्याध्यापकाचा तो टाक आहे.

स्वीनीबाईंनी आणि त्यांच्या सहकारी पियेरांजेला समराटी ह्यांनी १९९८च्या सुमारास ‘के-अनॉनिमिटी’ नावाचा सिद्धान्त मांडला. यादीतील प्रत्येक माणूस निदान ठराविक संख्येच्या इतर माणसांसारखाच दिसला पाहिजे, म्हणजे त्याला वेगळा काढता येणार नाही, हे त्याचे सार. त्यासाठी जन्मतारखेचा दिवस पुसा, महिना पुसा, फक्त वर्ष ठेवा, असे उपाय त्यांनी सुचविले. आमच्या गुरुजींनी हे सर्व त्यापूर्वी कित्येक वर्षे, कोणतेही अनुदान न घेता, एका टाकाने करून ठेवले होते. भाचीने हा शोध मोठ्या उत्साहाने आपल्या मार्गदर्शकांपुढे ठेवला. त्यांनी तक्ता चष्म्याखालून पाहिला आणि म्हणाले, “ह्या एक जूनच्या नोंदी सदोष आहेत, त्या आधी काढून टाका.” त्या काढल्यावर तक्त्यात काय उरले हे सांगण्यासारखे नाही.

तथापि भाची आमच्यासारखी भारावून जाणारी नव्हे. आधार क्रमांक देशात पहिल्यांदा दिला गेला तो २९ सप्टेंबर २०१० रोजी, आणि तोही महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी. त्या यंत्रणेपुढे ज्याने जन्मतारखेऐवजी मोघम वय सांगितले त्याच्या नावापुढे ‘१ जानेवारी’ ही तारीख लागली. सबब गावात आता दोन मोठे तट आहेत: शाळेची पायरी चढलेले एक जूनचे, आणि बहुतेक न चढलेले एक जानेवारीचे. “मामा, इथंच गोम आहे,” भाची म्हणाली. “एक जानेवारी दिसली की हा माणूस शाळेत गेलेला नाही, एवढं तर कळलंच. आता अंगठ्यावर काम करणारा कोण, हे हुडकणाऱ्या ठगाला अजून काय पाहिजे?” गर्दीत दडलेल्या सर्वांचे गुपित एकच असले तर गर्दी कामाची नाही, ही उणीव कॉर्नेल विद्यापीठात अश्विन मचनवज्झला ह्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने आपल्या सहकाऱ्यांसह २००६ साली दाखवून दिली होती. गुरुजींच्या सिद्धान्ताला असा उपसिद्धान्त जोडला गेला, आणि प्रबंधाचे एक प्रकरण आपसूक उभे राहिले.

पुढचे प्रकरण प्रत्यक्ष पाहणीचे. पीककर्जाची रक्कम लग्नकार्यात खर्च झाली काय, हा तिचा प्रश्न होता, आणि असा प्रश्न परभणी जिल्ह्यात सरळ विचारणे म्हणजे सरळ उत्तर नको असल्याची जाहीर कबुली देणे होय. ह्यावर स्टॅन्ली वॉर्नर ह्यांनी १९६५ साली एक युक्ती शोधून काढली, आणि तिचे नाण्याचे रूप आता सर्वत्र शिकविले जाते. उत्तर देणाऱ्याने आडोशाला नाणे उडवावे. छापा पडला तर खरे सांगावे. काटा पडला तर पुन्हा उडवून, छाप्याला ‘होय’ आणि काट्याला ‘नाही’ असे डोळे मिटून म्हणावे. विचारणाऱ्याला हे ‘होय’ खरे की नाण्याचे, ते कधीच कळत नाही; परंतु दोनशे माणसांत ऐंशी ‘होय’ आले, तर पन्नास नाण्याचे धरून वजा करावेत, म्हणजे खरे बोलणाऱ्या शंभरांत तीस उरतात आणि एकाचेही नाव न कळता गावाचे प्रमाण हाती येते. युक्ती इतकी सुंदर आहे की ती माणसांवर करून पाहण्याची वास्तविक आवश्यकता नव्हती.

स्थानकाबाहेरच्या हॉटेलात भाचीने पहिले नाणे एका वृद्ध शेतकऱ्याच्या हाती दिले, सगळा विधी दोनदा समजावून सांगितला, आणि आपण तोंड फिरवून उभी राहिली. क्षणभराने आवाज आला: “ताई, छापा पडला बघा! म्हंजी खरं सांगायचं ना? मंग व्हय. समदेच गेले लग्नात.” हॉटेलातील बाकीच्या मंडळींनी नाणे पाहून तो छापाच असल्याची साक्ष दिली, नवरदेवाकडच्यांनी मोटरसायकलीपायी कसे अडवून धरले होते त्याचा तपशील पुरविला, आणि दुसऱ्या एकाने, नाणे हातात न घेताच, “माझंबी व्हय लिवा” असे सांगून चहाची ऑर्डर दिली. संमतिपत्राचा मुद्दा निघाला तेव्हा मात्र सगळे एकदम सावध झाले. ‘आपले नाव गुप्त राखले जाईल’ असे ज्या चार पानांवर लिहिले होते, त्यांच्या तळाशी नाव, गाव आणि सही पाहिजे होती. “कागदावर सही कामून? आमी सांगितलं की तोंडानं.” आम्हांस तो शेतकरी विद्यापीठाहून अधिक शास्त्रशुद्ध वाटला, कारण त्या सगळ्या पाहणीत त्याचे नाव असलेला कागद एकच होता, आणि तो म्हणजे त्याच्या नावाच्या गुप्ततेची हमी देणारा.

खरे पाहता आमच्या गावाला गोपनीयतेचे ज्ञान नाही असे नाही. फक्त ती कोणापासून राखावयाची ह्याचा विवेक निराळा आहे. सिंथिया ड्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली ‘डिफरन्शियल प्रायव्हसी’ची व्याख्या केली: प्रसिद्ध करावयाच्या आकड्यात मोजून-मापून थोडी भेसळ करावी, म्हणजे एकाचे गुपित राहते आणि समूहाचे सत्यही फारसे बिघडत नाही. अमेरिकेची २०२० सालची जनगणना ह्याच रीतीने जाहीर झाली. ह्या भेसळीचा एक नियम आहे, की ती दोन्ही बाजूंना सारखी झुकली पाहिजे. चुडाव्यात भेसळ आहे, विपुल आहे, परंतु तिला दिशा आहे. तलाठीअप्पा पैसेवारीसाठी आले, की सोयाबीनला एकरी उतारा इतका खाली येतो की पन्नास पैशांच्या आतला आकडा लिहिल्यावाचून त्यांना गत्यंतर उरत नाही. आणि त्याच रानाचा उतारा सोयरिकीच्या बैठकीत मुलीच्या बापापुढे असा काही फुगतो की कृषी विद्यापीठाने येऊन बियाणे मागून न्यावे. भाचीने दोन्ही आकड्यांची सरासरी काढून पाहिली. ती, तिच्या म्हणण्याप्रमाणे, वस्तुस्थितीच्या पुष्कळ जवळ येते.

सरकारचा विवेक नेमका ह्याच्या उलट आहे. बँक आपल्या दारावर पाटी लावते की खात्याची माहिती कोणास देऊ नका. आणि त्याच बँकेचा बोजा महाभूलेखाच्या संकेतस्थळावरील सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात साऱ्या जगाला पाहावयास मोकळा असतो. गट क्रमांक ठाऊक असला आणि स्वतःचा दहा अंकी मोबाईल क्रमांक टाकला, की कोणाच्या नावे किती क्षेत्र, किती पोटखराबा, कोणती विहीर कोणाच्या सामाईकीत आणि कोणत्या सोसायटीचे किती कर्ज, हे लंडनमध्ये बसलेल्या भाऊबंदासही दिसते. जमिनीचा व्यवहार उघड असावा हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. वहिवाट लपली की वाद माजतात. परंतु पूर्वी दुसऱ्याचा उतारा पाहावयाचा तर सज्जात जावे लागे, तेथे चार डोळे आपल्याला पाहत, आणि ‘अमक्याने तमक्याचा उतारा काढला’ ही वार्ता अर्जदाराच्या आधी गावात पोचे. आज पाहणारा दिसत नाही. आमच्या मते ह्या संबंध शास्त्रातील खरी तक्रार एवढीच आहे: गावाला आमचे सगळे ठाऊक होते, पण गावाला काय ठाऊक आहे हे आम्हांलाही ठाऊक होते.

कायद्याने ह्या बाबतीत मागे राहू नये अशी अपेक्षा असते, आणि तो अगदी मागे राहिलेलाही नाही. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी ह्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. आणि २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्यात माहिती सांभाळण्यात कसूर करणाऱ्या संस्थेस २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याच कायद्यात नागरिकाचीही कर्तव्ये आहेत: सरकारी ओळखपत्रासाठी माहिती देताना महत्त्वाची बाब दडवू नये, आणि कर्तव्यास चुकल्यास दहा हजारांपर्यंत दंड. आपली खरी जन्मतारीख पोळ्याच्या आसपासची आहे हे जाणून-बुजून एक जून सांगणाऱ्या आमच्या अवघ्या पिढीवर हे कलम लागू करावयाचे झाले, तर राज्याची वित्तीय तूट भरून निघेल, असे आमचे मत आहे. त्याआधी मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कचेरीने पत्रक काढून, आधारची झेरॉक्स कोणासही देऊ नका, असे बजावले होते. दोन दिवसांत दिल्लीहून ते पत्रक मागे घेण्यात आले आणि सर्वसाधारण सावधगिरी बाळगा असा सल्ला देण्यात आला. ते दोन दिवस आमच्या बाजारपेठेतील झेरॉक्सवाल्याने कसे काढले असतील, हे तोच जाणे. आज सेतू केंद्रात अर्ज करा, सिमकार्ड घ्या, की खताची गोणी उचला, ती झेरॉक्स लागतेच. आणि तिचे पुढे काय होते हे पाहावयाचे असेल तर भज्यांची पुडी सोडल्यावर कागद टाकून देण्यापूर्वी एकदा उलटून पाहावा.

भाचीचा प्रबंध आता बाहेरच्या परीक्षकांकडे गेला आहे. मंजूर झाल्यावर तो नियमाप्रमाणे ‘शोधगंगा’ ह्या संग्रहात ठेवला जाईल आणि गोपनीयतेवरील तो ग्रंथ कोणालाही, कोठूनही, विनामूल्य वाचता येईल. मात्र त्यातील एक जूनचे प्रकरण ही यापुढे केवळ इतिहासाची बाब राहणार आहे. कारण जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात दुरुस्ती झाली असून १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बालकांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच चालावयाचा आहे. डोक्यावरून हात नेऊन कान धरावयास लावण्याचा मुख्याध्यापकांचा अधिकार संपला. ही नवी बालके आपापल्या अचूक तारखेसह एकेकटी उघड्यावर उभी आहेत, आणि त्यांना झाकणारी गर्दी आता पाठीशी नाही.

तेव्हा नव्याने बाप झालेल्या तमाम मंडळींस एवढीच विनंती, की बारशाचे निमंत्रण मोबाईलच्या स्टेटसवर झळकविताना लेकराचे नाव, आई-बापांची नावे, दवाखाना आणि वजन हे सगळे लिहावयाचेच असेल तर खुशाल लिहावे. जन्मतारीख मात्र, झालेच तर, एक जून टाकावी.